मुनशीचं घर

पुण्याच्या पेठांवर आणि गिरगावातल्या चाळींवर आजवर इतकं लिहून झालंय, की आता तिथल्या प्रत्येक नळाला स्वतःचं आत्मचरित्र असेल. आमच्या तलवाड्याच्या गल्लीवर मात्र लिहायला कुणी येणार नाही हे नक्की. म्हणून हा शनिवार तिच्या नावानं.

तलवाडा हे बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातलं गाव. गावाची ओळख त्वरिता देवीची. देवी टेकडीवर, आम्ही खाली. नवरात्रात पहाटे चारपासून आमच्या गल्लीतून अनवाणी पायांचा आवाज सुरू व्हायचा आणि अंथरुणात पडल्या पडल्या तो ऐकणं हे माझं घटस्थापनेचं पहिलं सुख. आवाजावरून कोण चाललंय ते ओळखायची आमची पैज लागायची. बांगड्या वाजल्या की बाई, खोकला आला की अमके आजोबा. इथपर्यंत सोपं होतं.

गल्ली एवढी अरुंद, की बैलगाडी आली की माणसांनी ओट्यावर चढायचं. घरं दोन्ही बाजूंनी माळवदाची. ज्यांनी माळवद पाहिलं नाही त्यांच्यासाठी : लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. उन्हाळ्यात आत एसीसारखं गार. पावसाळ्यात मात्र रात्री कुठं गळतंय ते शोधत घरभर पातेली मांडायची. सगळी माळवदं एकमेकांना चिकटलेली, त्यामुळं आम्ही पोरं गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वरच्या वर जायचो. खाली सगळ्यांच्या भिंती, वर एकच मैदान. छतातल्या सान्यातून, म्हणजे उजेडाच्या भोकातून, लोकांच्या घरात डोकावायचं आणि "कोण रे तो हरामखोर" ऐकलं की पळायचं.

आमच्या घराला गावात "मुनशीचं घर" म्हणायचे. पोस्टमन, रॉकेलवाला, लग्नपत्रिका वाटणारे, सगळे. आजोबांना हिशेब चांगला यायचा, लोक त्यांच्याकडून कागद लिहून न्यायचे, तेव्हा मुनशी म्हणजे आपले आजोबा असं मी बिनधास्त धरून चाललो होतो. दारातून आत आलं की डाव्या हाताला ढाळज. (आमच्याकडं दाराजवळच्या उंच बैठकीच्या खोलीला ढाळज म्हणतात.) तिचं नाव "दादीची ढाळज". आमच्या घरात आजीला सगळे "माय" म्हणायचे, पणजीला "मोठी माय". दादी कुणीच नव्हती. पण लहान असताना असले प्रश्न पडत नाहीत. ढाळज दादीची, गोठा म्हशीचा, संपलं.

मागच्या चौकात आड होता आणि तो भिंतीनं मधोमध कापलेला. अर्धं वर्तुळ आमच्याकडं, अर्धं शेजारच्या चाचांच्या घराकडं. दोन्हीकडून पाणी शेंदता यायचं. भिंत पाण्याच्या वरपर्यंतच, त्यामुळं आमच्या आणि त्यांच्या बादल्या खाली एकमेकींवर आपटायच्या. चाचांच्या घरात ईदला चूल पेटली की आडातून शिरखुर्म्याचा वास येतो असं माझं लहानपणीचं ठाम मत होतं. आडातून वास कसा येईल हा प्रश्न पुढं इंजिनिअरिंगला गेल्यावर पडला.

आता इतिहासाकडं वळतो, कारण नुसत्या आठवणी सांगायला बसलो तर रविवार उजाडेल.

शाळेतल्या इतिहासाच्या पुस्तकात आमच्या तालुक्याला एकच ओळ होती : राक्षसभुवनची लढाई, १० ऑगस्ट १७६३, माधवराव पेशव्यांनी निजामाचा पराभव केला. राक्षसभुवन आमच्याच तालुक्यात, गोदावरीच्या काठावर. शनीच्या दर्शनाला आम्ही जायचो. "इथं निजाम हरला" म्हणून आमची छाती फुगायची. मग इथं पुढं पावणेदोनशे वर्षं राज्य कुणाचं होतं हो? निजामाचंच! पुस्तक पुण्याकडून लिहिलेलं होतं, आम्ही राहत होतो हैदराबादच्या बाजूला. माय आमच्या भागाला "मोगलाई" म्हणायची आणि नगरकडच्या मुलखाला "इंग्रजी". तिचं माहेर इंग्रजीतलं होतं. म्हणजे इंग्रजी भाषेतलं नव्हे, ब्रिटिश हद्दीतलं. हे मला कळायला दहावी उजाडली.

मोगलाई गेली तरी तिचे शब्द गल्लीतच राहिले होते. आजोबा "वस्तानिया पास" होते, म्हणजे निजामाच्या काळातली माध्यमिकची पायरी. कलेक्टरला ते "अव्वल तालुकदार" म्हणायचे. संस्थानाचा कारभार उर्दूत होता. १९१८ मध्ये हैदराबादला निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात उच्च शिक्षणसुद्धा उर्दूतून. पैसाही वेगळा : हाली सिक्का. रुपयावर चारमिनार. नोटांवर उर्दू, इंग्रजी, तेलुगू, कन्नड आणि मराठी. सात हाली रुपये म्हणजे सहा "कलदार", म्हणजे इंग्रजी रुपये. मायला हा हिशेब तोंडी यायचा आणि आम्हाला सातचा पाढा तिनं असाच शिकवला. पुढं हाली १९५० च्या दशकात चलनातून गेला, पण एक चारमिनारवाला रुपया आमच्या खेळण्यांत बरीच वर्षं होता.

कॅलेंडरसुद्धा वेगळं होतं. फसली सन. त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागायचं आणि महिन्यांची नावं जुनी फारसी : आजूर, दै, बहमन, इस्फंदार... डेट फॉरमॅटवरून रडणाऱ्या माझ्या टीममधल्या पोरांनी एकदा निजामाच्या कागदांवर काम करून बघावं.

आणि १७ सप्टेंबर. बाकी महाराष्ट्राला १५ ऑगस्ट एकच, आम्हाला दोन. १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आम्ही नव्हतो. पुढं तेरा महिने हैदराबाद अडून राहिलं, कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत घातली, १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा आत शिरल्या आणि १७ तारखेला निजामानं शरणागती पत्करली. शाळेत झेंडावंदन व्हायचं, स्वामी रामानंद तीर्थांवर भाषण व्हायचं आणि संध्याकाळी माय तिची गोष्ट सांगायची. ती दरवर्षी तीच असायची. रझाकार येणार म्हणून आवई उठली, रात्री दोन गाड्या जुंपल्या, मोठ्या काकांना (ते पाच वर्षांचे) धान्याच्या पोत्यांमध्ये बसवलं, आणि हद्द ओलांडून इंग्रजीत, तिच्या माहेरी. सहा महिने तिथं काढले. मग "मिलिटरी आली, रझाकार पळाले, आपण घरी आलो." इथं गोष्ट संपायची.

"घरी" म्हणजे कुठं, हे आम्ही कधी विचारलं नाही.

२०२३ च्या सप्टेंबरपासून मराठवाड्यात काय चाललं होतं ते तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेलच. जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीचं उपोषण, मग मराठ्यांच्या कुणबी नोंदी शोधायला निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती. नोंदी निजामकालीन, म्हणजे अर्ध्या उर्दूत आणि अर्ध्या मोडीत. अख्खा मराठवाडा माळ्यावरच्या पेट्या उघडून बसला होता. मोडी वाचणाऱ्याला इतका भाव कधी आला नसेल. आरक्षणावर माझं मत काय, ते या लेखाचं काम नाही. सांगायचं एवढंच, की त्या दिवाळीत आमच्या चुलतभावानंही आजोबांची पत्र्याची पेटी उघडली. त्याच्या पोरीचं ॲडमिशन होतं.

कुणबी नोंद त्यात सापडली नाही. सापडला तो चार घड्या घातलेला एक जाड स्टॅम्पपेपर. वर संस्थानाचा शिक्का, खाली भराभर लिहिलेलं उर्दू, त्याखाली दोन सह्या मोडीत आणि एका कोपऱ्यात अंगठा. एका पानावर दोन लिप्या, आणि आमच्या घरातल्या अकरा शिकलेल्या माणसांपैकी एकालाही एक अक्षर वाचता येईना. मी रोज जुन्या सिस्टीममधला डेटा नव्या सिस्टीममध्ये आणायचं काम करतो. फाइल आहे, रीडर नाही, ही अवस्था मला चांगली ठाऊक आहे. फक्त ती आपल्याच आजोबांच्या बाबतीत कधी आली नव्हती.

रीडर भिंतीपलीकडं होता. चाचा ऐंशीच्या घरात आहेत, उर्दू शाळेत मास्तर होते. मी आणि भाऊ कागद घेऊन गेलो. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ बघितली आणि म्हणाले, "हौ, ये तो बैनामा है. मुनशीजी के घर का." मग माझ्याकडं बघून, "तुमारे दादा ने दिखाया नई कभी?"

बैनामा म्हणजे खरेदीखत. चाचा वाचत गेले, मी मोबाईलवर टाइप करत गेलो. तारीख बहमन १३५८ फसली. मी लगेच बेरीज केली : डिसेंबर १९४८. घेणारे माझे आजोबा. देणारे एक मुनशी, तहसिलीत अर्ज लिहिणारे. किंमत साडेतीनशे रुपये सिक्का हाली, म्हणजे मायच्या हिशेबानं तीनशे कलदार.

त्यापुढं चतुःसीमा. मला विचाराल तर सबंध कागदात सर्वात भारी भाग हाच. पूर्वेला आम रस्ता, म्हणजे आमची गल्ली. दक्षिणेला खुली जागा. (तिथं माझ्या लहानपणी पिठाची गिरणी होती, आता मोबाईलचं दुकान आहे.) पश्चिमेला तांबोळ्याचं घर. ते मी कधीच पाहिलं नाही, आमच्या वेळी तिथं नुसत्या पडक्या भिंती होत्या आणि आम्ही तिला "भुताची जागा" म्हणून लपाछपीला वापरायचो. उत्तरेला चाचांच्या वडिलांचं घर, "दरमियान आड मुश्तरका, निस्फ निस्फ". आड सामाईक, निम्मा निम्मा. चार ओळींत १९४८ ची सगळी गल्ली उभी.

आणि शेवटी एक अट. विकणाऱ्याची आई हयात असेपर्यंत दारालगतच्या खोलीत राहील, तिला आडाचं पाणी व चुलीला जागा मिळेल, आणि घेणारा किंवा त्याचे वारस तिला उठवणार नाहीत. कोपऱ्यातला अंगठा तिचा.

दादीची ढाळज.

आम्ही दोघं भाऊ गप्प बसलो. चाचांनी कागद घडी घालून परत दिला आणि चहा सांगितला.

डिसेंबर १९४८ म्हणजे काय काळ होता हे नंतर वाचून काढलं. पोलीस ॲक्शनच्या आधी रझाकारांनी केलं ते आम्ही पाठ केलं होतं, आणि ते खरंच आहे. माय उगाच पोत्यांत लेकरू लपवून पळाली नव्हती. पण फौजा आल्यानंतर पुढच्या आठवड्यांत संस्थानात मुसलमानांवर जे हल्ले झाले, लूट झाली, त्याचा आमच्या पुस्तकात शब्द नव्हता. बातम्या दिल्लीपर्यंत गेल्या तेव्हा नेहरूंनी पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री यांना पाठवलं. ते नोव्हेंबरच्या अखेरीपासून डिसेंबर १९४८ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत संस्थानातल्या सोळापैकी नऊ जिल्ह्यांत फिरले. एकूण २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असावीत असा त्यांचा अंदाज. सर्वात वाईट अवस्था उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेडची. औरंगाबाद, बीड, नळगोंडा आणि मेदक या चार जिल्ह्यांत मिळून कमीत कमी पाच हजार. आपल्या लष्करानं अनेक ठिकाणी लोकांना वाचवलं हेही त्यात आहे, आणि काही ठिकाणी सैनिक आणि पोलीस लुटीत सामील होते हेही आहे. सरकारनं तो अहवाल छापला नाही. दिल्लीच्या नेहरू संग्रहालयात तो लोकांना बघायला मिळू लागला तोवर २०१३ उजाडलं होतं.

म्हणजे समितीची माणसं मराठवाड्यात धूळ खात फिरत होती, साधारण त्याच दिवसांत आमचे आजोबा गेवराईला रजिस्ट्री ऑफिसात बसून साडेतीनशे हाली मोजत होते. गंमत बघा, राज्य बदललं तरी वर्ष फसलीच चालू होतं. ऑगस्ट १९४९ मध्ये जहागिऱ्या रद्द करणारा कायदा आला तोसुद्धा १३५८ फसलीचाच.

मोठ्या काकांना विचारलं. ते आधी चिडले. "कशाला उकरून काढता बा आता? कागद पक्का आहे, रजिस्ट्री आहे, घर आपलं आहे." घर आपलं नाही असं मी म्हटलंच नव्हतं. दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी रात्री ओट्यावर बसून स्वतःहून बोलायला लागले.

आमचं मूळ घर गल्लीच्या खालच्या तोंडाला होतं. इंग्रजीतून परत आले तर त्याचं छत बसलेलं, दारं गेलेली. गल्लीत कुणी कुणाला बोट लावलं नाही, असं काका म्हणाले, पण आजूबाजूच्या बातम्या रोज यायच्या आणि रोज वाढून यायच्या. मुनशींनी ठरवलं, हैदराबादला मेव्हण्याकडं जायचं. त्यांची आई म्हणाली, मी येणार नाही, माझा माणूस इथं पुरलाय. आजोबांनी मायच्या पाटल्या मोडून पैसे उभे केले. "महाग घेतलं की स्वस्त?" मी विचारलं. काका बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "वर्षभर आधी ह्या पैशात कुणी ढाळजसुद्धा दिली नसती."

आणि मग पुढचं. मुनशींचं कुटुंब गेलं ते आजोबांच्याच बैलगाडीतून. रात्री निघाले. शहागडला गोदावरी ओलांडून जालना, कारण निजामाची रेल्वे जालन्यावरून होती. (बीडला रेल्वे यायला १७ सप्टेंबर २०२५ उजाडावं लागलं. तारीख मुद्दाम तीच निवडली.) गाडी आजोबांनी स्वतः हाकली. मराठा माणसाची गाडी आहे, पुढं मराठा माणूस बसलाय, म्हणून वाटेत कुणी अडवलं नाही. एका ठिकाणी विचारलं, तर आजोबांनी सांगितलं, माझी बाळंतीण बहीण आहे.

दादी त्यानंतर नऊ वर्षं आमच्या ढाळजेत राहिली. काकांना ती पहाडे शिकवायची, उर्दूतून. काकांना अजून सतरापर्यंत येतात. त्यांनी म्हणूनही दाखवले, आणि सतरा सत्ते म्हणताना थांबले. हैदराबादहून तिला मनीऑर्डर यायची, ती पुढं बंद झाली. ती गेली तेव्हा चाचांच्या वडिलांनी आणि आजोबांनी मिळून सगळं केलं.

आता मला सांगा, या माणसाचं मी काय करू? घाबरलेल्या शेजाऱ्याचं घर पडत्या भावात घेतलं, हे खरं. बायकोच्या पाटल्या मोडल्या, जीव धोक्यात घालून त्याच शेजाऱ्याला जालन्याला पोचवलं, त्याच्या आईला नऊ वर्षं सांभाळलं, हेही खरं. चाचांना एकदा हे विचारलं. ते म्हणाले, "दोनो बातां सही है. तू हिसाब कायको करता?" पण माझा धंदाच हिशेबाचा आहे. अजून बसत नाही तो. आणि आयुष्यभर "मुनशीचं घर" ऐकून घेत आजोबांनी एकदाही कुणाला सुधारलं नाही, हे तर मला कुठल्या रकान्यात टाकावं तेच कळत नाही.

चाचांनी बैनाम्याची झेरॉक्स मागितली. भावाला शंका आली, पुढं काही भानगड तर नाही ना. मी दिली. मुनशींच्या नातवाचा नंबर चाचांकडं होता, आधीपासूनच होता. त्यांनी फोटो पाठवला. उत्तर आलं, ढाळजेचा एक फोटो पाठवा. मी चार पाठवले.

२०२४ च्या उन्हाळ्यात भावानं घर पाडलं. मी विरोध केला नाही. पुण्यात बसून माळवद वाचवा म्हणणं सोपं आहे, पावसात पातेली मांडायला तो असतो. आता तिथं स्लॅबचं दुमजली घर आहे, पांढरा रंग, स्टीलचं रेलिंग. ढाळजेच्या जागी पार्किंग. मागच्या दिवाळीत गेलो तर भाऊ म्हणाला, तिथं गाडी लावली की काका ओरडतात, "दादीच्यात कशाला लावली रे?" शेजारच्या नव्या भाडेकरूंच्या पोरांनी ते ऐकलंय आणि ती पोरंही आता त्या जागेला "दादीत" म्हणतात.

आड बुजवून त्यावर सेप्टिक टँक करायचा भावाचा प्लॅन होता. इंजिनिअरनं नकाशाही काढला होता. पण कागदात निस्फ निस्फ लिहिलंय आणि चाचा सही द्यायला तयार नाहीत. तेव्हा आड आहे.